गुडघ्यापुढची चार बोटं

१० जानेवारी १९८२, रविवार

पाहुणे गेले एकदाचे. आत्ता पाय सरळ केले!

आईची युक्ती अशी — मधल्या खोलीचा पडदा ओढून ठेवायचा, मी आधीच सतरंजीवर मांडी घालून बसलेली, पाहुण्यांचं चहापाणी झालं की पडदा सरकवायचा. म्हणजे मुलगी दिसते, पण उभी दिसत नाही. "ते गेल्याबिगर उठजो नोको," तीनदा बजावलं. शिवाय मान खाली. तेवढीच दोन बोटं कमी!

काय करेल बिचारी. पाच ठिकाणांहून नकार आले ते उंचीवरूनच. "पोरगी शिकलेली, नोकरी करणारी, सारं चांगलं — पण आमच्या पोराच्या वरून पाहते." एका काकूंनी तर तोंडावर सांगितलं, "बोरं पाडायले काठी लागणार नाई हिले." बाबा दुकानात गिऱ्हाइकाला कापड फाडून देताना माझं नाव निघालं की आजकाल कात्री वाकडी चालवतात.

आजचे पाहुणे केळझरचे. मुलाचे वडील नानाजी, आणि आत्या आनंदाबाई. मुलगा आलाच नाही — पुण्याला बँकेच्या ट्रेनिंगला गेला आहे. नाव ओमप्रकाश. ट्रेनिंग झालं की वर्ध्याच्या शाखेत परत. फोटो दाखवला. खुर्चीवर बसलेला, हात गुडघ्यांवर, चेहरा असा की फोटोग्राफरनं काहीतरी विचारलंय आणि हा अजून विचार करतो आहे. मला आवडला. माझाही फोटो नेला त्यांनी. नुसता चेहऱ्याचा, आईनं निवडून दिलेला.

हुंडा नको म्हणाले. "पोराले रोज केळझर-वर्धा जाणं-येणं आहे. एक गाडी द्या, झालं." हुंडा नको, गाडी द्या! पडद्याआड असते तर हसले असते.

१७ जानेवारी

आज सुतळी आली!

झालं असं — आई अडून बसली. "फोटोतला पोरगा बसलेला आहे. उभा केवढा आहे हे समजल्याबिगर मी पुढं जाऊ देत नाई." (बसलेल्या माणसावर संशय घ्यायचा हक्क आईइतका कुणाला!) मग नत्थूजी केळझरला गेले. हे बाबांचे मित्र, बियाण्यांचे दुकानदार, ही सोयरीक त्यांनीच सुचवलेली, नानाजींच्या ओळखीवर, मुलाला न पाहताच. संक्रांतीला मुलगा दोन दिवस घरी होता. नत्थूजींनी नानाजींना सांगितलं, मुलाचं माप सुतळीवर द्या. नत्थूजी ओसरीवरच बसले; नानाजी आतून मुलाला घेऊन मागच्या अंगणात गेले आणि दोन्ही टोकांना गाठ मारलेली सुतळी आणून दिली.

"तुम्ही पाह्यलं का मोजतानी?" आई.

"कायले पाहू? साऱ्या केळझरच्या विहिरी मोजल्या त्या माणसानं. त्याची गाठ बोटभर इकडची तिकडं होत नाई."

बाबांनी दुकानातली मीटरपट्टी लावली. पुन्हा लावली. सहा फूट तीन इंच!

आई खालीच बसली. मग देवापुढे साखर ठेवली.

१८ जानेवारी

सुतळी माझ्या खोलीच्या दारात खिळ्याला टांगली. खालची गाठ उंबऱ्याला टेकते. वरची गाठ पाहायला मान वर करावी लागते. मला — मान वर!

२४ जानेवारी

शाळेतून आले की आधी दाराकडे जाते. काल उंबऱ्यात उभी राहून सुतळीला शाळेतली गंमत सांगितली, प्रार्थनेच्या वेळी घंटाच हरवली ती. हळू आवाजात. आई म्हणाली, कोणाशी बोलून राह्यली? म्हटलं, कविता पाठ करते आहे.

माझ्या वर्गातल्या मुली मला 'टॉवरबाई' म्हणतात, मला ठाऊक आहे. वर्ध्याला शाळेत जाताना सेलूच्या एस.टी.त पुढच्या सीटचा दांडा माझे गुडघे रोज सोलून काढतो. देवळात, लग्नात, फोटोत — कायम मागच्या रांगेत. मैत्रिणीशी बोलायचं तर वाकून. सव्वीस वर्षांत मी इतकी वाकले आहे की पाठीला तीच सवय झाली. आता एक माणूस येणार, ज्याच्यासमोर सरळ उभं राहायचं. एवढंच हवं आहे मला. बाकी तो रागीट असो, घोरणारा असो, चालेल!

७ फेब्रुवारी, रविवार

बाबांना नवीन काळजी. सव्वासहा फुटी जावयाला कोणती गाडी बसेल? "रोजचं जाणं-येणं आहे. लेकाचे गुडघे हँडलले लागले तं सासऱ्याले शिव्या देईन जन्मभर." स्वतः बाबा माझ्या खांद्याला लागतात. दुकानासमोरचा गॅरेजवाला कवडू त्यांच्याहून बुटका. गल्लीत उंच असं कोणीच नाही. बाबांनी विचार केला, चष्मा पुसला आणि म्हणाले —

"आपल्या घरात लांबी एकीलेच भेटली. कोके, तूच बसून पाह्य."

आईनं कपाळाला हात लावला. मी मात्र कॉलेजातली एन.सी.सी.ची पँट पेटीतून काढलीसुद्धा होती!

कापसाच्या जिनिंगच्या आवारात गेलो. रविवार, बंद होतं. कवडूनं तानबा दूधवाल्याची राजदूत आणली होती, कॅनच्या कड्या तशाच लटकलेल्या. बसले. कवडूनं माझ्या गुडघ्यापुढे बोटं आडवी धरली. "ताई, तुमच्यापुढं चार बोटं जागा उरली पाह्यजे. थे चार बोटं जवाईबापूची." दोनच उरली. गाडी गुणी आहे, पण माझ्याच मापाची, त्यांच्या नाही.

चार बोटं. माझ्या गुडघ्यापुढे हवेत एक माणूस! घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

१४ फेब्रुवारी

प्रभाकरराव ठेकेदारांची बुलेट. बसल्यावर वाटलं, राज्याभिषेकच झाला. गुडघ्यापुढे सहा बोटं! पण किक मारायला गेले तर तिनं मलाच उडवलं. स्टँडवर चढवायला कवडू आणि बाबा दोघं लागले. बाबा घाम पुसत म्हणाले, "रोज बँकेत जायले हत्ती कायले? घरासमोर बांधायले ठीक आहे."

कवडू म्हणतो नुसतं बसून काही कळत नाही. "चालवल्यावर कंबर बोलते, ताई." मग चालवायला शिकायचं ठरलं. कोणी ठरवलं? कोणीच नाही. बाबा तेवढ्यात रुईच्या गाठी मोजायला तिकडे वळले आणि कवडूनं क्लच दाबून दाखवला.

२१ फेब्रुवारी

येझ्दी. सीट लांबलचक, हँडल रुंद, आणि किकचाच दांडा खाली वळवला की गिअर होतो — मला हे फारच आवडलं. एका वस्तूनं दोन कामं, वर मिरवणं नाही!

जिनिंगच्या आवारात चक्कर, मग अजून एक. तिसऱ्या गिअरला गाडी शांत झाली. कानाजवळून वारा, पाठ सरळ. वाकून चालवताच येत नाही तिला, हात पुढे टाकून ताठच बसावं लागतं. थांबायचं विसरले. बाबा ओरडत होते ते दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

गुडघ्यापुढे बोटं मात्र तीन.

कवडू म्हणाला, "सीट उचलू. वर्ध्याच्या गादीवाल्याकडून चार बोटं फोम घालून घेतो. माणूस वर बसला का पाय मोकळे होते, गुडघा खाली जाते."

म्हणजे हीच घ्यायची. मी उगीच म्हटलं, त्यांना विचारा एकदा. बाबा म्हणाले, "त्याले काय विचारायचं? त्याचं माप आहे ना आपल्यापाशी."

८ मार्च

होळीच्या गोवऱ्यांचा वास गल्लीभर. माझं लक्ष नाही. वर्गात फळ्यावर 'गतीचे प्रकार' लिहिलं आणि खडू हातात धरून उभी राहिले. एका मुलीनं विचारलं, बाई, पुढं?

२६ मार्च, पाडवा

गाडी आली!

काळी. टाकीवर हळदीकुंकवाची बोटं, हँडलला गाठीची माळ. सीट उंच करून घेतलेली — गल्लीतला जो तो बसून पाहतो आणि पाय हवेत राहिले की उतरतो. तानबा म्हणाला, "लक्ष्मणराव, जवाई आणला का खजुराचं झाड?" बाबा खूष! माझे पाय टेकतात, पूर्ण टेकतात. गुडघ्यापुढे बरोब्बर चार बोटं.

साखरपुडा अठरा एप्रिलला. गाडीची पूजाही त्याच दिवशी, जावयाच्या हातून. मुलगा ट्रेनिंगहून परत आला म्हणे, पण आनंदाबाईंचा नियम — साखरपुड्याआधी कोणी कोणाला पाहायचं नाही. बरं आहे. सुतळीशी माझं चांगलं जमलं आहे.

३१ मार्च

कवडूनं बाबांच्या डोक्यात भरवलं — नवं इंजिन रोज थोडं थोडं, हळूहळू चालवावं लागतं, नाहीतर जाम होतं. उभी ठेवून चालायचं नाही. खरंच असतं म्हणे असं. चालवणार कोण? पाय कोणाचे टेकतात? बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं भिंतीकडे. मी पँटीकडे!

सकाळची शाळा, त्यामुळे संध्याकाळ मोकळी. ऊन उतरलं की निघते. तोंडाला ओढणी, अंगात बाबांचा जुना सदरा. सेलूच्या बाहेर पडले की केळझरच्या बाजूला. हळू, चाळीसच्या आत.

२ एप्रिल

रस्त्याच्या दोन्ही अंगांना उपटलेल्या कापसाच्या पऱ्हाटीचे ढीग. मध्येच एखादा पळस, फुलं संपत आलेली. मोहाचा वास येतो आणि गाडी पुढे गेली तरी जात नाही. मी गात नाही कधी. आज गायले. इंजिनच्या आवाजात कोणाला ऐकू जातंय!

मनात ते मागे बसलेले असतात. नाही — पुढे. पुढे ते आणि मागे मी असं असायला हवं ना. पण मला तसं दिसतच नाही. फार प्रयत्न केला. दर वेळी हँडल माझ्याच हातात.

६ एप्रिल

आज गंमत झाली. केळझरकडे जाणारी संध्याकाळची एस.टी. मागून आली. मी कडेला घेतली, वाऱ्यानं ओढणी सुटली आणि तोंड उघडं पडलं. एक हात खिडकीतून बाहेर आला आणि हलला. पाठोपाठ अर्धं डोकं. सबंध बसमधलं दुसरं कोणी बघतसुद्धा नव्हतं, हा एकच हात दूरच्या वळणापर्यंत हलत राहिला. मीही हात केला, एका हातानं गाडी धरून. अगोचरपणा! ओळख ना देख.

घरी येऊन सुतळीला सांगितलं. तिनं काही राग मानला नाही.

१५ एप्रिल

ही माझी शेवटची फेरी. रविवारपासून गाडी त्यांची. केळझरच्या अलीकडे थांबवली, इंजिन बंद केलं आणि सीटवर हात फिरवत बसले. रडू आलं थोडं. सुतळीवाल्या माणसासाठी निवडलेली गाडी, आणि त्यालाच देताना माझा जीव जातो आहे! असं कसं मन असतं.

विचारेन त्यांना. कधीतरी, रविवारी, रस्ता रिकामा असेल तेव्हा — द्याल का चालवायला?

१८ एप्रिल, रविवार

लिहिता येत नाही, तरी लिहिते.

पाहुणे आले तेव्हा मी मधल्या खोलीत, पडद्यामागे, सतरंजीवर. बाहेर बाबांचा आवाज — "या, या" — आणि मग एकदम थांबला. नंतर नत्थूजींचा खोकला. आई धावत आत आली, चेहरा पांढरा. "कोके, थो... थो तं लहान आहे गं!" मला वाटलं वयानं.

ठरल्याप्रमाणे आधी गाडीची पूजा. सारे अंगणात. मी आतच राहायचं होतं, पण ताट माझ्या हातात होतं आणि पूजा काही बसून होत नाही! उठले. उंबऱ्यात आले.

ते गाडीपाशी उभे होते. फोटोतलाच चेहरा, तोच विचार करणारा. आणि हँडल — त्यांच्या छातीशी. सव्वापाच फूटही नसतील.

लोक कुजबुजत होते. ते मात्र शांत. गाडीभोवती एक चक्कर मारली. सीट रुमालानं पुसली. मग फूटरेस्टवर पाय देऊन चढले आणि बसले. गाडी स्टँडवर, आणि त्यांचे दोन्ही पाय दोन्ही बाजूंना अधांतरी! कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. आनंदाबाई म्हणाल्या, "ओम्या, उतर, मचाणावर बसल्यावानी दिसून राह्यला." तरी उतरेनात. पाय लोंबकळत ठेवून बसूनच राहिले, सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहत. लाज कशी वाटत नाही! मला वाटत होती, त्यांच्या वाट्याची.

मग त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं. आनंदाबाईंनीही पाहिलं. "अगं बाई! ही तं खांब आहे!"

मग जे व्हायचं ते झालं. बाबांनी आतून सुतळी आणून नानाजींपुढे धरली. "हे माप तुम्हीच दिलं ना?"

नानाजींनी सुतळी हातात घेतली, गाठी पाहिल्या. "माह्यीच गाठ आहे. बरोबर आहे. एक परस."

"परस?"

"होय ना. विहिरीत उतरणाऱ्या माणसाचं माप. असा उभा राह्यते, असा हात वर करते, मुठीपर्यंत दोरी. तुम्ही माणसाचं माप मांगितलं, मी माणसाचं माप देल्लं! आमच्याकडं माणूस हात वर करूनच मोजतेत."

नत्थूजी मटकन ओट्यावर बसले.

"आमची फसवणूक झाली," बाबा. "आन् तुमची पोरगी काऊन बसवून ठेवली होती?" आनंदाबाई. दोन्ही बाजू खऱ्या. साखरपुडा झाला नाही. "इचार करून सांगतो" म्हणून गेले. नारळ तसाच राहिला.

१९ एप्रिल

सुतळी काढली. गुंडाळून खुंटीला अडकवली.

मी कोणाशी बोलत होते इतके दिवस? एका माणसाच्या वर केलेल्या हाताशी! ज्या गाठीला मी डोळे समजत होते ती त्याची मूठ. राग कोणावर काढू? नानाजींवर काढता येत नाही, ते तर जातानाही म्हणत होते, माप बरोबर आहे.

रडले. उघड रडले, आईसमोर. आई म्हणाली, "वाकून चालजो थोडं, सवय आहे तुले." म्हटलं, आता नाही. गाडीनं पाठ सरळ केली माझी, ती परत वाकत नाही.

२० एप्रिल

पण मग मी वेगळी कुठे आहे? पाच घरांनी मला पट्टी लावली तेव्हा मी त्यांना किती नावं ठेवली. आणि आता मी काय करते आहे?

शाळेत दिवसभर त्यांचे पाय दिसत होते. अधांतरी, पॉलिश केलेले बूट. साखरपुड्यासाठी केलेलं पॉलिश.

२२ एप्रिल

केळझरहून काही निरोप नाही. बाबांनी ठरवलं — जुळलं तर सीट कापून घ्यायची, पूर्वीपेक्षाही खाली. मोडलं तर गाडी विकायची. म्हणजे कसंही झालं तरी ती माझी गाडी राहत नाही. कवडूला उद्या बोलावलं आहे. शनिवारी सीट वर्ध्याला जाणार.

मला काय हवं आहे हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तोंडातून 'गाडी' निघालं असतं, इतकी मी वेडी झाले आहे. आणि त्या माणसाचं काय? तो आवडला होता मला. फोटोतच आवडला होता, सुतळी यायच्या आधी.

२४ एप्रिल, शनिवार

वर्धा बसस्टँड, शाळा सुटल्यावर. ते समोर येऊन उभे राहिले. मी मान खाली घालून बोलले — लाजून नव्हे, ते तेवढ्यावरच होते!

म्हणाले, "घरी सांगितलं मी, करीन तं इथंच. तुमची हो असंन तं. आन् सीट कापू देऊ नका."

मी म्हटलं, तुमचे पाय पोचत नाहीत.

"ठाऊक होतं. सहा तारखेलेच दिसलं, सीट केवढी उंच आहे थे. बसमधून हात केला तो मीच. तुमचा फोटो खिशातच होता."

मग त्या दिवशी चढलात कशाला? सगळे हसले!

"हसूच द्यायचे होते. एकदा साऱ्यायच्या डोळ्यांनं दिसलं का पाय टेकत नाई, मंग जन्मात कोणी मले गाडी चालव म्हणणार नाई. मांगं बसाले पाय कुठं टेकवा लागते?"